तिथीची पाऊणपट

माणूस आणि यंत्र यांच्यात अखेर एकच फरक उरतो, आणि तो म्हणजे आत्मा. कंपनीच्या फॉर्ममध्ये आत्म्यासाठी रकाना नव्हता. 'माणूस' आणि 'यंत्र' अशी दोन गोल बटणं होती, त्यांच्याखाली 'इतर शेरा' नावाची एक चौकट होती, आणि तिच्यात दोनशे अक्षरं मावत. दोनशे एकावं अक्षर टाइप केलं की चौकट लाल होई. कमळाकरने गेल्या दोन वर्षांत त्या चौकटीत बरंच काही बसवलं होतं, पण ती लाल कधी होऊ दिली नव्हती.

त्याचं काम असं होतं. देशभरातले लोक घरबसल्या प्रोग्रॅम लिहून कंपनीला पाठवत. कंपनी ते दवाखान्यांना आणि पतपेढ्यांना विकी आणि सोबत हमी देई, की यातली ओळ न् ओळ माणसाने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. हल्ली गूळ जसा बिनरसायनाचा असतो आणि तेल लाकडी घाण्याचं, तसा हा कोड माणसाचा. आलेली प्रत्येक फाइल आधी एक यंत्र तपासे. यंत्राने लिहिलेलं ओळखायचं यंत्र. ते टक्के देई. लिहिणाऱ्याने टक्क्यांवरून वाद घातला की फाइल माणसाकडे जाई, आणि तो माणूस म्हणजे नवीन पनवेलच्या एका दुसऱ्या मजल्यावर बसलेला कमळाकर.

वय छप्पन्न. बेलापूरच्या एका ऑफिसात बावीस वर्षं त्याने स्वतः कोड लिहिला होता. पुढे त्याची खुर्ची रिकामी करण्यात आली आणि तिच्यावर कुणालाच बसवण्यात आलं नाही, कारण नव्याने आलेल्याला खुर्ची लागत नव्हती. बायकोची, निशाची, बदली नाशिकला झाली होती. तात्पुरती. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. दर रविवारी दोघं फोनवर बोलत, बहुतेक हवामानाविषयी. नाशिकला हवा कोरडी असे, पनवेलला दमट. यात फारसा बदल होत नसल्याने फोन अकरा मिनिटांत संपे.

बाकी दिवसभर त्याच्याशी बोलायला एक चौकोन होता. कमळाकर घरून काम करत असल्यामुळे तो खरोखर कामावर आहे की नाही हे बघायला कंपनीने त्याच्या संगणकात एक सोय केली होती. माउस दहा मिनिटं हलला नाही की पडद्यावर प्रश्न उमटे: आपण तिथे आहात का? खाली 'हो' असं बटण. 'नाही' असं बटण नव्हतं. इतक्या अदबीने त्याची चौकशी करणारं दुसरं कुणी नसल्यामुळे तो कधीकधी मुद्दाम माउस सोडून बसे.

माणसाचा कोड ओळखायला त्याला फारसे कष्ट पडत नसत. माणूस पसारा ठेवतो. अर्धवट सोडलेली कामं तशीच खाली पडलेली असतात. एखाद्या ओळीवर 'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नका' अशी पाटी असते. यंत्राचा कोड म्हणजे पाहुणे यायच्या पाच मिनिटं आधीची बैठकीची खोली. सगळं जागच्या जागी, आणि तिथे कुणी राहत असेल असं वाटत नाही.

के-४१ हे खातं त्याच्याकडे आलं ते आषाढ निम्मा सरल्यावर, आणि एकदा वाद झालेल्या खात्याच्या पुढच्या फायलीही त्याच तपासनिसाकडे येत. कंपनी लिहिणाऱ्यांची नावं तपासनिसांना कळू देत नसे, नुसते नंबर. यंत्राने के-४१ला शहाण्णव टक्के यंत्र ठरवलं होतं. कमळाकरने फाइल वाचली आणि तपासयंत्राशी त्याचं एकमत झालं. कोड स्वच्छ, बिनचूक, आणि मीठ विसरलेल्या आमटीसारखा होता. 'यंत्र'वर बोट ठेवायचं एवढंच उरलं होतं. पण फाइलच्या उजव्या कडेला प्रत्येक ओळ कधी टाइप झाली याची वेळ असे, तिकडे त्याची नजर गेली.

के-४१ सकाळी नऊला बसे आणि सहाला उठे. त्या दिवशी मात्र पावणेबाराच्या सुमारास त्याने अर्ध्यावर एक ओळ सोडली होती. ओळच नव्हे, शब्दसुद्धा अर्धा. आणि मग दीड तास काही नाही. मग तीच ओळ तिथूनच पुढे. कमळाकरने मागचे दिवस काढले. आदल्या दिवशी हाच खाडा अकराच्या आत सुरू झालेला. त्याच्या आदल्या दिवशी दहाच्या सुमारास. पुढच्या दिवशीची फाइल आली तेव्हा त्याने कोड वाचलाच नाही, थेट वेळ बघितली. साडेबारा. खाडा रोज पाऊण तासाने पुढे सरकत होता. सहा-सात दिवसांनी तो नाहीसा झाला, आठवडाभर काम अखंड चाललं, आणि मग खाडा पुन्हा सकाळच्या बाजूने उगवला.

यंत्राला खाडे नसतात. कमळाकरने 'माणूस' दाबलं आणि शेऱ्यात लिहिलं: 'गैरहजेरी नैसर्गिक वाटते.'

आता के-४१ नक्की कोण, हा प्रश्न होता. कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्याने वेळा मांडल्या आणि एकेक शक्यता घेऊन बसला. पाळीची नोकरी म्हणावी, तर पाळी रोज पाऊण तासाने सरकत नाही. घरात आजारी माणूस आहे आणि त्याला इस्पितळात न्यायचं असतं, असंही धरून बघितलं. कोणतंही इस्पितळ रोज पाऊण तास उशीर नियमाने करत नाही, ते अनियमाने करतं. नमाज म्हणावी, तर शुक्रवारी दुपारी काम बिनघोर चालू होतं. म्हणजे तीही शक्यता खोडावी लागली. प्रत्येक शक्यतेबरोबर एक माणूस त्याच्या घरात येऊन बसे आणि खोडला की उठून जाई. इतकी वर्दळ त्या घरात बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

कोडं सोडवलं गुणाबाईने. ती उरणकडून येऊन पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसे. कमळाकर बुधवारी आणि रविवारी तिच्याकडून पावशेर काहीतरी घेई. पावशेर घेणारं गिऱ्हाईक एकटं असतं हे तिला माहीत होतं, त्यामुळे ती घरच्यांची चौकशी करत नसे. काय काम करता असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा तो 'तपासतो' एवढंच म्हणाला होता. तेव्हापासून तो मास्तर होता.

त्या बुधवारी पाटीत नुसती कोलंबी होती, तीही मरगळलेली.

"आज कय नाय मास्तर," गुणाबाई म्हणाली. "भांग हाय."

भांग म्हणजे काय, हे त्याने विचारलं. अष्टमीच्या आगेमागे पाण्याला जोर नसतो, जाळ्यात काही येत नाही, माणसं घरी बसतात. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा घरात कुणी सापडायचं नाही, असं तिने सांगितलं. छप्पन्न वर्षांच्या मास्तराला हे माहीत नसावं याचं तिला नवल वाटलं, पण तिने ते चेहऱ्यावर फार काळ ठेवलं नाही.

"मग भरती कधी येणार ते तुम्हाला कळतं कसं?"

"त्यात कय कलायचा? तिथीची पाऊनपट करायची. चौथ आसंल, तं तीन वाजता पानी भरला. तुमी पोरांना ह्याच शिकवता ना?"

कमळाकर कोलंबी न घेताच घरी आला. चार पाऊण तीन. वडिलांनी पट्टी हातात घेऊन त्याच्याकडून पाऊणकी पाठ करून घेतली होती, आणि इतक्या वर्षांत तिचा कुठेही उपयोग झाला नव्हता. त्याने दिनदर्शिका भिंतीवरून उतरवली आणि पत्रिकेशेजारी ठेवली. प्रतिपदा, पाऊण, खाडा बारा ते दीड. द्वितीया, दीड, खाडा पाऊण ते सव्वादोन. तृतीया, सव्वादोन. अष्टमीला खाडा नाही. अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि खाडा साडेदहा ते बारा.

के-४१ भरतीला उठून जात होतं.

मनातल्या मनात तो के-४१ला 'ते माणूस' म्हणू लागला होता, कारण बाई की बुवा हे कळायला मार्ग नव्हता. आता ते माणूस कुठे राहतं हेही कळलं. हा हिशेब याच किनाऱ्याला लागू पडणारा, म्हणजे घर इथेच कुठेतरी, तास-दीड तासावर. खाडीकाठचं. उधाणाचे दिवस आले की अर्धी ओळ टाकून उठायचं, बापाबरोबर जाळं लावायचं, पाणी उतरलं की परत यायचं, हात धुवायचे आणि त्याच ओळीवर बसायचं. भांगाच्या दिवसांत दिवसभर कोड. कोडमध्ये पसारा नाही तो त्यामुळेच. होडीत पसारा ठेवून चालत नाही.

दुसऱ्यांदा वाद आला तेव्हाही त्याने 'माणूस' दाबलं. मग हळूहळू त्याच्या घरात भरती शिरली. के-४१ची उठायची वेळ झाली की तोही उठे. ते परतून ओळ पुरी करायची वेळ झाली की तो गॅसवर भात टाकी. समुद्र त्याने चार वर्षांत पाहिला नव्हता, पण पाणी आत्ता कुठे असेल हे त्याला सांगता येऊ लागलं.

"आज दीडला भरती होती," तो रविवारी निशाला म्हणाला.

"तू समुद्रावर गेला होतास?"

"नाही."

"मग?"

"नुसतं सांगितलं."

तो फोन तेरा मिनिटं चालला.

नारळी पौर्णिमेला के-४१ दीड तासाऐवजी दोन तास गायब होतं. कमळाकरला हे अपेक्षितच होतं. त्या दिवशी कोण कोळी संगणकापुढे बसेल? त्याने स्वतःपुरता नारळीभात केला. तो चिकट झाला. पण गणेश चतुर्थीला घोटाळा झाला. रायगड जिल्ह्यातलं झाडून सगळं माणूस त्या दिवशी घरच्या गणपतीपुढे असताना के-४१ सकाळी नऊपासून काम करत होतं. तीनच्या सुमारास जेमतेम वीस मिनिटांचा खंड, बाकी सलग. खरं तर कमळाकरने इथेच थांबायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या तपासनिसाने इथे 'यंत्र' दाबलं असतं. कमळाकरने बराच वेळ विचार केला आणि त्याला उत्तर सापडलं: त्या घरात सुतक असणार.

कोण गेलं असेल? नारळी पौर्णिमेनंतर आणि चतुर्थीच्या आधी. म्हातारी आजी असेल तर एक वेळ ठीक. बाप असेल तर जाळं आता कोण लावणार, पण खाडे तर पुन्हा पूर्वीसारखेच पडत होते, म्हणजे एकट्याने जावं लागत असेल. त्या दिवसांतल्या के-४१च्या फायली त्याने जरा हलक्या हाताने चाळल्या. एकदा तर टक्के न बघताच पुढे पाठवून दिली.

तिसरा वाद भाद्रपदात आला. कंपनीचा नियम असा होता, की तिसऱ्या खेपेला 'माणूस' ठरवायचं असेल तर लेखी पुरावा द्यायचा. नाहीतर खातं कायमचं बंद. के-४१ बंद झालं तर एका सुतकातल्या घराचं काम जाणार होतं. कमळाकरचं काय जाणार होतं ते त्याने पुराव्यात लिहिलं नाही. त्याने सेहेचाळीस दिवसांचा तक्ता केला: तिथी, पाऊणपट, भरतीची वेळ, खाडा सुरू, खाडा बंद. अकरा पानं झाली. या नोकरीत पहिल्यांदाच दोनशे अक्षरांची अट नव्हती.

शैलेशचा व्हिडिओ कॉल आला. शैलेश तपासनीस विभागाचा प्रमुख होता, कमळाकरहून पंचवीस वर्षांनी लहान, आणि कॅमेऱ्यापुढे त्याच्या मागे नेहमी एक समुद्रकिनारा दिसे, जो खोटा होता.

"सर, हे कमाल आहे. पण हे सायंटिफिक आहे का?"

"चंद्रामुळे होतं," कमळाकर म्हणाला.

चंद्राविरुद्ध शैलेशकडे काही नव्हतं. उलट त्याच्या वरिष्ठांना तक्ता इतका आवडला होता, की त्यांना तो वेबसाइटवर टाकायचा होता. मासेमारी करता करता कोड लिहिणारं माणूस. फक्त आधी प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची, मग फॉर्म भरायचा. के-४१चा पत्ता जासईजवळचा निघाला होता, आणि सगळ्यांत जवळचा तपासनीस कमळाकरच होता. जमलं तर होडीशेजारी उभं करून एक फोटो घ्या, असंही शैलेशने सुचवलं.

कमळाकरने अमावास्या निवडली. सव्वाअकराची भरती, त्या वेळी ते माणूस पाण्यापाशी असणार, पडद्यापाशी नाही. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्याने पाव किलो पेढे घेतले. बाजारातून एस.टी. स्टँडकडे जाताना गुणाबाईने पुडा बघितला.

"पित्रांत पेढे कुनाला, मास्तर?"

ओळखीच्या माणसाकडे चाललोय, असं तो म्हणाला. सर्वपित्रीला कुणी कुणाकडे पेढे घेऊन जात नाही, असं तिच्या डोळ्यांत होतं. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "जा. भेटंल."

उरणच्या एस.टी.तून तो जासईच्या अलीकडे उतरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनरच्या थप्प्या लागल्या होत्या. पत्ता विचारत तो ज्या जागी पोचला तिथे एकेकाळी खाडी असावी. आता भराव घालून गाळ्यांची एक रांग उभी केली होती. अवजड गाड्यांसाठी रस्ता दोनदा उंच केला होता आणि गाळे तिथेच राहिले होते, त्यामुळे गाळ्यात शिरायला खाली उतरावं लागे. होडी कुठेही दिसेना. अकरा नंबरच्या दारात एक चाळिशीचा माणूस उभा होता. पँट गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, हातात टॉर्च.

"या, या साहेब," तो माणूस म्हणाला. "बराबर टायमाला आलात. आता तुमच्या डोळ्यांनी बघा."

त्याने कमळाकरला दंडाला धरून आतल्या कोंदट खोलीत नेलं आणि भिंतीवर टॉर्च मारला. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर विजेच्या मीटरची पेटी होती. तिच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेपुढे तारीख. पाणी कुठवर चढलं याची नोंद. सगळ्यांत वरची रेघ नारळी पौर्णिमेची होती.

"चार वेळा फोन केला तुमच्या ऑफिसला. मीटर वर घ्या, मीटर वर घ्या. उधाणाचं पाणी आत येतं, मला मेन स्विच पाडून बसावं लागतं. शॉक लागून मी मेल्यावर वर घेणार का?"

कमळाकरने पिशवीतून अकरा पानं काढली आणि टॉर्चच्या उजेडात तारखा लावून बघितल्या. एकही चुकली नव्हती.

मग त्याने सांगितलं, की तो विजेच्या ऑफिसातला नाही. तो के-४१ला भेटायला आला आहे.

गाळेवाल्याचं नाव राहिल. तो पनवेलचा, मोहल्ल्यात राहणारा. आधी त्याचा कंटेनरच्या कागदपत्रांचा धंदा होता आणि तो बसल्यावर त्याने हे धरलं होतं. के-४१ बघायचंय ना, मग बघा, असं म्हणत त्याने बाहेरच्या खोलीत बोट दाखवलं. टेबलावर एक संगणक होता. समोर खुर्ची नव्हती. पडद्यावर अक्षरं आपोआप उमटत होती, एकेक करून, माणसाच्या वेगाने. मध्येच दोन अक्षरं खोडली गेली आणि पुन्हा लिहिली गेली.

"कोड मशीनच लिहितं, आणि टाइपपण मशीनच करतं, हळूहळू. चुकतंपण मधून मधून. तसं सेटिंग आहे," राहिल जरा अभिमानाने म्हणाला. "मी सकाळी चालू करतो, संध्याकाळी बंद करतो. जुम्म्याला मी नमाजाला जातो, तेव्हासुद्धा हे चालू."

पायरीशी पाणी आलं होतं. राहिल आत गेला आणि खटका पडल्याचा आवाज झाला. पडदा काळा झाला. एक ओळ अर्धी राहिली.

"झालं. आता दीड तास सुट्टी. बसा काका."

दोघं वरच्या पायरीवर बसले. पाणी उंबऱ्यावरून आत गेलं, घाईने नाही, रोजच्या माणसासारखं. कमळाकरने पुडा उघडला. राहिलने सर्वपित्री वगैरे काही विचारलं नाही, पेढा घेतला.

"एक विचारू?" कमळाकर म्हणाला. "नारळी पौर्णिमेनंतर तुमच्या घरी कुणी गेलं का?"

"नाही हो. शुकर आहे, सगळे खुशाल आहेत. का?"

"काही नाही." त्याला खरोखरच हायसं वाटलं, आणि मग का वाटलं याची लाज. "या दीड तासात तुम्ही काय करता?"

"काय करणार. बसतो इथेच. पाणी बघतो. स्विच पाडून घरी गेलो आणि कुणी येऊन चालू केला तर? म्हणून बसतो. एकट्याला वेळ जात नाही." त्याने आणखी एक पेढा घेतला. "तुम्ही काय करता या टायमाला?"

कमळाकरने सांगितलं. तक्ता, पाऊणकी, गॅसवरचा भात. राहिलने पेढा खाता खाता ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन महिने तुम्ही माझी वाट बघत होतात."

"तुमची नाही," कमळाकर म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे, तुमचीच."

फॉर्ममध्ये खरं लिहावं लागेल, खातं बंद होईल, हेही त्याने सांगून टाकलं. लिहा की, राहिल म्हणाला, नंबर काय, दुसरा काढू. पाणी उतरेपर्यंत ते दोघे तिथे बसले. राहिलने कुवेतच्या भावाविषयी सांगितलं, कमळाकरने नाशिकच्या हवेविषयी. बारा वाजून गेल्यावर राहिलने आत जाऊन खटका वर केला. अर्धी राहिलेली ओळ पुरी व्हायला लागली, आणि कमळाकर निघाला.

निघताना त्याला राहवलं नाही. फोनवर कुणी ऐकत नसतं, अर्ज लेखी द्यावा लागतो, असं तो म्हणाला. मग पुन्हा खाली उतरून त्याने तिथेच टेबलाच्या कडेवर कागद ठेवून, उभ्या उभ्या, अस्सल सरकारी मराठीत अर्ज लिहून दिला: विषय, संदर्भ, महोदय, सविनय. खाली 'सोबत: परिशिष्ट अ, पाने अकरा'. आणि सेहेचाळीस दिवसांचा तक्ता त्याला टाचून टाकला.

संध्याकाळी घरी त्याने 'यंत्र' दाबलं. इतर शेऱ्यात लिहिलं: 'भरतीच्या वेळी या पत्त्यावर एक माणूस असतो. त्या वेळी काम बंद असतं.' चौकट लाल झाली नाही. शैलेशने अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि होडीचा फोटो राहिला का, असं विचारलं. के-४१ त्याच रात्री बंद झालं. कमळाकरचे दोन निकाल चुकीचे ठरल्यामुळे आता काय होईल, या काळजीत त्याने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी कळवण्यात आलं, की त्याची अचूकता ब्याण्णव टक्क्यांवरून एक्याण्णव पूर्णांक सहा झाली आहे. यापलीकडे काही झालं नाही.

विजेच्या ऑफिसात मात्र परिशिष्टामुळे खळबळ उडाली असावी. मीटरसाठी परिशिष्ट जोडणारा अर्जदार त्यांनी कधी पाहिला नव्हता. एकोणिसाव्या दिवशी दोन माणसं येऊन काम करून गेली.

कार्तिकातल्या पौर्णिमेला, सव्वाअकराला, कमळाकरने राहिलला फोन केला. त्याआधीच पेढ्यांचा पुडाही आणून ठेवला होता. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. राहिल कळंबोलीला होता, एका पार्टीकडे.

"तुमची मेहरबानी काका. आता टेन्शनच नाही. पाणी येतं नि जातं, मशीन चालू. मी गाळ्यावर थांबतच नाही आता. बोला, काही काम होतं?"

काही नाही, सहज, असं कमळाकर म्हणाला.

समोर फाइल उघडी होती. कुणी के-५८. स्वच्छ, बिनचूक, नऊ ते सहा, एकही खाडा नाही. कुठल्या गावचं, कळायला मार्ग नव्हता. 'यंत्र' दाबायला त्याला चार मिनिटं लागली. मग तो माउस सोडून बसला. दहा मिनिटांनी पडद्यावर प्रश्न उमटला. त्याने तो पुरा वाचला आणि 'हो' दाबलं.

मीटरची पेटी आता जमिनीपासून साडेपाच फुटांवर आहे.